पुस्तकात नव्हतं ते

शिंप्याकडं आलेला माणूस स्वतःचं माप देऊन जातो, शिंप्याचं माप कुणी घेत नाही. त्यामुळं असेल, पण हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. भावाला सांगितलं नाही, लेकाला नाही, मठात महाराजांपुढं हात जोडून बसलो तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. जिला सांगायला पाहिजे ती इथंच आहे — पलीकडं बसून शेंगा फोडतीय. तिला सांगायची माझ्यात हिंमत नाही.

असं काय केलं, विचाराल. बायकोला मारलं? नाही. बाहेर काही भानगड? छे, तेवढा चेहरा कुठला मला! सरळ सांगता आलं असतं तर एका वाक्यात सांगून मोकळा झालो असतो. पण ते वाक्य ओठांशी आलं की मी दुसरंच काहीतरी सांगायला लागतो. बघा, आताही तेच करून राहिलो. असू द्या, आधी दुष्काळाचं सांगतो.

आम्ही तेव्हा लातूरजवळ मुरुडला राहायचो. नवीन लग्न. बायको नीलावती, नांदेडकडच्या उमरीची. दिसायला लई देखणी. अन् मी? लहानपणी देवी आलेल्या, तोंडभर वण. बघायच्या कार्यक्रमात तिनं मान वर केलीच नाही. नंतर केली असेल, पण तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. ती माझ्या तोंडाबद्दल चकार शब्द बोलली नाही कधी. तुम्ही म्हणाल, चांगलंच की. पण मला तेच डाचायचं. बोलत नाही म्हणजे मनात काय असेल? आरशासमोर दाढी करताना पाठीमागून ती गेली तरी मी वस्तरा थांबवायचो.

दुष्काळात कपडे कोण शिवतं? अर्धं गाव खडी फोडायला गेलेलं, माझं मशीन पोत्याखाली झाकलेलं. दुपारी करायचं काय? गावातल्या वाचनालयातून मी कादंबऱ्या आणायला लागलो. नीलाला वाचता येत नव्हतं. ती चिंध्यांची वाकळ शिवत बसायची अन् मी मोठ्यानं वाचायचो. खरं सांगू? ते दिवस चांगले होते. पोटात भाकरीचा पत्ता नाही, आडाला पाणी नाही, अन् तरी मी रोज दुपारची वाट बघायचो. ती माझ्याकडं बघत ऐकायची ना, म्हणून. एरवी माझ्या तोंडाकडं इतका वेळ कोण बघत बसलं होतं?

मग तो आला. जयंत.

कादंबरीचं नाव नको. जयंत मोठ्या जमीनदाराचा पोरगा, दिसायला राजबिंडा. सुमन नावाच्या गरीब पोरीवर त्याचा जीव बसतो, पण तिचं प्रेम आपल्यावर आहे का पैशावर, हे बघायचं असतं त्याला. म्हणून गरीब कारकून बनून तिच्याच गल्लीत खोली घेतो. तिच्या मागं माणूस लावतो. तिची नोकरी मुद्दाम घालवतो, अन् मग आपणच कनवाळूपणानं मदतीला धावतो. तिला यातलं काहीच ठाऊक नसतं. नीला ऐकताना सुई कापडात खोचून ठेवायची. आडावर पाणी झिरपायची वाट बघत बायका बसलेल्या असायच्या, त्यांना सकाळी आदल्या दिवशीची गोष्ट सांगायची. साऱ्या आळीला जयंतचं याड लागलं. एकदा वाकळ शिवता शिवता ती म्हणाली, "असा माणूस खरंच असतो का हो?"

माझ्या अंगाची आग आग झाली. हसाल तुम्ही. हसा. कागदावरच्या माणसाचा मत्सर! त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तो मुरुडच्या बाजारात भेटणार नाही. पण माझ्याच घरात, माझ्याच आवाजात, माझ्या बायकोशी तो गोड गोड बोलत होता अन् ती लाजत होती. माझ्या बोलण्यावर ती कधी तशी लाजली नव्हती. रात्री जेवताना तिचं लक्ष नसलं की मी ओळखायचो, स्वारी तिकडं गेलीय.

दुसऱ्या दिवशी वाचताना मी जयंतच्या तोंडावर देवीचे वण घातले.

हाव. पुस्तकात नव्हते. मी घातले. वाटलं, आता बघू कसा आवडतो. नीलानं जराशी मान वाकडी करून विचारलं, आधी कसं सांगितलं नाही हे? मी म्हणालो, लेखकानं आता उघड केलंय. तिनं सुई कापडात खोचली. मग म्हणाली, "वण असले म्हणून काय झालं? माणूस मनानं चांगला हाय." अन् परत सुई चालवायला लागली.

तुम्ही असता तर खूश झाला असता का? मी नाही झालो. उलटा पेटलो. ही दया, ही माया त्याला कामून? हे वाक्य मला म्हणाली असती तर! मी समोर बसलेलो, तेच वण घेऊन, अन् ती मायेनं बोलत होती पुस्तकातल्या माणसाबद्दल. तेव्हा मला एवढंच कळलं. बाकीचं कळायला फार वर्षं लागली.

आता शेवटाकडं येतो. वाचनालयातून आल्या आल्या शेवट मी एकट्यानं वाचून काढला होता. लग्नाच्या दिवशी दारात मोटार येते, सुमनला सगळं कळतं — हा कारकून नाही, हा मालक आहे, अन् आपली नोकरीसुद्धा यानंच घालवली. या असल्या कादंबऱ्यांत पुढं काय होतं, ठाऊक आहे ना? पोरगी डोळे पुसते, हसते, अन् म्हणते, तुम्ही केलं ते माझ्यावरच्या प्रेमापोटीच. कितीतरी कादंबऱ्यांत हेच वाचलं होतं मी. पण ही सुमन निराळी निघाली. तिनं मुंडावळ्या सोडल्या, ताटात ठेवल्या, त्याला सांगितलं की तुम्ही मला तोलत होता अन् मला वाटत होतं तुम्ही माझ्यासोबत आहात — असं काहीतरी. अन् निघून गेली. एका शाळेत मास्तरीण झाली. जयंत तिच्या दारात येऊन उभा राहतो, तिथं पुस्तक संपतं. ती दार उघडते का नाही, ते लिहिलेलंच नाही.

हे मी नीलाला वाचून दाखवू? बाई मांडवातून उठून जाऊ शकते, हे? माझ्यासारख्या तोंडाच्या नवऱ्यानं?

मी पुस्तक समोर धरलं, डोळे ओळींवरून फिरवले अन् मनातलं वाचलं. सुमननं जयंतच्या पायावर डोकं ठेवलं, म्हणाली, माझ्या भल्यासाठीच केलंत, अन् दोघं सुखानं नांदली. नीलानं पुस्तकाकडं वाकून बघितलं. मग विचारलं, "खरंच असं लिहिलंय?"

"हाव, लिहिलंय."

छापलेलं खोटं कसं असेल, असं तिला वाटायचं. वाकळीला पुढचा टाका घातला तिनं. अन् मला, इमानदारीनं सांगतो, मला गोड वाटलं. त्यानंतर चटक लागली. तिनं माहेरी जास्त दिवस राहायचं म्हटलं की माझ्या पुस्तकातली एखादी बाई माहेरी राहून घर घालवून बसायची. शेजारणीशी फार गूळपीठ झालं की पुस्तकातली शेजारीण दगा द्यायची. बऱ्याचदा मला फार काही करावं लागलं नाही, लेखकांनीच माझं काम करून ठेवलेलं असायचं. ती ऐकायची, मान डोलवायची. मी तिला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. गरजच पडली नाही.

हे झालं, तरी मुख्य गोष्ट ही नाही. मघापासून तिलाच तर बगल देऊन राहिलो.

लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेहून ऑफिसं आली, साहेब आले, कारकून आले, अन् सगळ्यांना पँटी पाहिजेत. मीही मुरुड सोडून लातुरात दुकान टाकलं. धंदा जोरात. आमच्या गल्लीतल्या देवळात दुपारी बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. शिकवायला एक तरुण बाई होत्या, हदगावच्या. नीला जायला लागली. मी अडवलं नाही. म्हटलं, कंटाळेल अन् येईल परत.

कंटाळली नाही. माझ्या खडूनं कापायच्या पाटावर अक्षरं काढायची. एके दिवशी पाटावर 'नीला' लिहिलं, स्वतःच बघत उभी राहिली, अन् मग लाजली. तशीच, जयंतचं ऐकून लाजायची तशी. आता अक्षरांचाही मत्सर करायचा का माणसानं? मी केला. वर्गातून आली की तिचं तोंड उजळलेलं असायचं. त्यात माझा काही वाटा नव्हता.

मग एका दुपारी कापडाला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद तिनं हातात घेतला अन् एक एक अक्षर लावत, अडखळत, एक पुरती ओळ वाचली. वाचून माझ्याकडं वळली. "अहो, मुरुडहून ती जयंतची कादंबरी आणा ना. मला आपली आपण वाचायचीय."

कात्री चालूच होती माझी. कुण्या कारकुनाच्या पँटीचं कापड आडवं कापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. घरी अडचण आहे, आता पाठवता येणार नाही, म्हणालो. बाईंना वाईट वाटलं. म्हणाल्या, नीलाताई वर्गात सगळ्यांत हुशार आहेत हो, थोड्या दिवसांत पुस्तक वाचतील. मी हो हो केलं. घरी आलो अन् नीलाला सांगितलं — थांबा, एक घोट पाणी पितो.

सांगितलं की, बाई भेटल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या मंडळींच्या डोक्यात अक्षर बसत नाही, त्यांच्यापायी बाकीच्यांचा खोळंबा होतो, नाही पाठवलं तर बरं.

हेच ते वाक्य. एवढंच.

तिनं एकदाच विचारलं, "बाई असं म्हणाल्या?" मी हाव म्हणालो. वर्गात मिळालेल्या पाटीवरचं तिनं पदरानं पुसलं. ती पाटी नंतर दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होती, फुटेपर्यंत. रस्त्यात बाई समोरून आल्या की नीला खाली मान घालून दुसऱ्या बोळात वळायची. बाईंना वाटलं असेल, ओळख विसरली. एकदा बाई दुकानात विचारायला आल्या, तेव्हा मी ती माहेरी गेलीय म्हणून सांगितलं. ती आत चुलीपुढं होती. त्यानंतर तिनं स्वतःचं नावसुद्धा कधी लिहिलं नाही. येत होतं तिला! बँकेत सही करा म्हटलं की ती अंगठा पुढं करते. म्हणते, "मला न्हाई जमत. बाईंनी बघून सांगितलंय." कितीदा ऐकलं असेल मी हे. दर वेळी शेजारी उभा होतो.

आता माझ्या डोळ्यांत फूल पडल्यासारखं झालंय. ऑपरेशन केलं, उपयोग नाही. छापलेलं दिसत नाही. परवा दुपारी सूनबाई नीलाला म्हणाली, चला आई, मी शिकवते वाचायला, काही अवघड नाही. नीला हसली. "नको बाई, माझं डोकंच तसलं." सूनबाई म्हणाली, मग तुम्हाला इतक्या गोष्टी कशा येतात? तर म्हणाली, "ह्यांनी वाचून दाखवल्या की." अन् शेंगा फोडता फोडता जयंतची गोष्ट सांगायला लागली.

सगळं जसंच्या तसं. खोली, नोकरी, मागं लावलेला माणूस. वण आले. मी कान देऊन बसलो. म्हणाली, "त्या येड्याला उगंच वाटायचं, आपलं तोंड बघून ही नाराज हाय. तिचं कधी वणाकडं ध्यानच न्हवतं. पण हे त्याला कोण सांगावं? सांगायची बी लाज वाटायची तिला."

हे मी वाचलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं, मी घातलेल्यातही नव्हतं. ते तिचं होतं. किती वर्षांपासून ते गोष्टीत घालून सांगत होती, देव जाणे. मुरुडला, वाकळ शिवताना, 'वण असले म्हणून काय झालं' हे ती कुणाला सांगत होती ते मला परवा कळलं.

मग शेवट आला. सुमननं पायावर डोकं ठेवलं. सूनबाई फणकारली, म्हणाली, अय्या, असं कसं, एवढं फसवल्यावर?

"मला बी कधी पटलं न्हाई बघ," नीला म्हणाली. "मी असते तर उठून गेले असते. पण लिहिलंय तसं सांगायला पाहिजे ना. आपण कोण बदलणार?" अन् मान वळवून मला विचारलं, "असंच लिहिलंय ना हो?"

मी म्हणालो, "हाव. असंच लिहिलंय."