रेकॉर्डातलं कंपनी सरकार

रेकॉर्डरूममधल्या माणसाला कोणी सहसा चहाला बोलावत नाही, कारण तो बोलायला लागला की थांबत नाही. त्यात त्याचा दोष नाही हो! बाकीच्या खात्यांत किस्से घडतात आणि विरून जातात. आमच्याकडे ते बांधून फडताळावर ठेवलेले असतात. नुसता रुमाल सोडायचा अवकाश! रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुने कागद ज्या तांबड्या फडक्यात बांधून ठेवतात, ते गाठोडं.

मी सोलापूरला कचेरीत मोडी कागदांच्या बाळबोध नकला करायला लागलो, तेव्हा रेकॉर्डात आम्ही तिघंच. मी, रेकॉर्डकीपर अण्णा, आणि रुमाल काढणारा-बांधणारा दफ्तरी व्यंकय्या. कागद बहुतेक कंपनी सरकारच्या अमलातले. विलायतेहून व्यापाराला आलेली कंपनी इथं राज्य करत बसली होती ना, त्या काळातले. मला वाटलं होतं, धुळीचं काम आहे. धूळ होतीच, पण धक्के त्याहून जास्त!

*

पहिल्याच आठवड्यात वैरागकडचा एक म्हातारा आला. बांधाच्या भांडणासाठी जुन्या कागदाची नक्कल हवी होती. दारातच त्यानं वहाणा काढल्या आणि दबक्या आवाजात विचारलं,

"कंपनी सरकार हितंच बसतंय न्हवं?"

मला हसू आलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही पाळण्यात होता तेव्हाच कंपनी सरकार गेलं!"

"गेलं?"

"केव्हाच!"

म्हातारा भिंतीवरच्या बादशहांच्या फोटोकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आन् मग आमी सारा कुनाला देतोय?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी फायलीत तोंड घातलं ते म्हातारा जाईपर्यंत वर काढलं नाही.

*

एका पावसाळ्यात कोपऱ्यातल्या फडताळाला वाळवी लागली. रुमाल सोडले तर आत नुसता भुगा! मी डोक्याला हात लावला. व्यंकय्या मात्र शांतपणे एकेक पान झटकत होता. अर्ध्या तासानं मला म्हणाला,

"वामनराव, गंमत बघा की. रयतेचे अर्ज सगळे खाल्ले. साहेबांच्या हुकमाला तोंडबी लावलं न्हाय!"

मला खरं वाटेना. जाऊन पाहिलं तर खरंच! अर्ज हातकागदावर लिहिलेले, हुकूम जाड विलायती कागदावर. गाऱ्हाणी गेली, हुकूम शाबूत!

*

याच व्यंकय्याचा दुसरा किस्सा. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या लुगड्यांचा माग. बापाच्या वेळी माग बंद पडला, म्हणून हा कचेरीत चिकटला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी.

एकदा रुमाल सोडताना कागदांतून कापडाचा तुकडा पडला, पंजाएवढा. रंग इतका ताजा, की काल मागावरून उतरला असावा! सोबत इंग्रजी पत्र होतं. कंपनीच्या कोणा साहेबानं बाजारातून नमुने गोळा करून विलायतेला पाठवले होते, त्या पत्राची ही ठेवलेली प्रत. काठ कसा, सूत किती बारीक, इथल्या बायका कोणता रंग मागतात, कोणता नाकारतात, सगळं बारकाईनं लिहिलेलं. आणि खाली शेवटची ओळ: हेच कापड आपल्याकडे यंत्रावर निघेल का, ते कळवावे.

व्यंकय्यानं तुकडा उचलला, दोन बोटांत चोळला आणि उजेडात धरला.

"हा काठ आमच्या घरचा हाय."

"कशावरून?"

"हितं बघा. दर बोटभर अंतरावर एक धागा चुकवून टाकलाय. आमच्या आज्याच्या आज्यापासनंची खूण."

मी त्याला पत्राचा अर्थ सांगितला. त्यानं शेवटची ओळ पुन्हा सांगायला लावली. मग तुकडा होता तिथं, होता तसा घडी करून ठेवला.

"म्हंजे विचारून सवरून केलं की वो!" तो म्हणाला. "माझ्या बापाला मरेपर्यंत वाटायचं, त्याचाच हात बिघडला म्हणून लुगडी खपंनात!"

त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही.

*

नातेपुत्याकडचे एक इनामदार यायचे. अंगावर स्वच्छ खादी, डोक्याला पांढरी टोपी, सभांतून जोरदार भाषणं करायचे. एकदा म्हणाले, "आमच्या पणजोबांनी कंपनीची फौज नीरेवर अडवली होती. त्याचा कागद तुमच्याकडे असणार. मला सभेत वाचून दाखवायचाय."

मला तर स्फुरणच चढलं! दोन दिवस शोधून कागद काढला आणि त्यांच्यासमोरच मोठ्यांदा वाचायला घेतला. "...कंपनीचे फौजेस नदीचा उतार दाखविला, चारा पुरविला, सबब इनाम बहाल..."

माझा आवाज आपोआप बारीक होत गेला. इनामदारांचा चेहरा टोपीपेक्षा पांढरा!

अण्णांनाच दया आली. म्हणाले, "राहू द्या रावसाहेब. नक्कल करत नाही आम्ही."

इनामदारांनी कपाळावरचा घाम टिपला. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "नाही, नाही, करा. दोन प्रती करा. इनामाबद्दल भाऊबंदांशी दावा चाललाय, तिथं लागेल."

"आणि सभेत?" मी न राहवून विचारलं.

"सभेत काय, मी तोंडीच बोलतो!"

*

तीस साली गावात लागलेला मार्शल लॉ उठून फार दिवस झाले नव्हते. कचेरीत एक नवा, तरुण गोरा साहेब आला होता. मुन्शीकडून शिकलेलं पुस्तकी मराठी बोलायचा, माणूस सज्जन. एक दिवस स्वतः रेकॉर्डात आला आणि म्हणाला, "मला कंपनीच्या पहिल्या वर्षांतील नोकरांची यादी पाहावयाची आहे."

अण्णांनी काढून दिली. पहिल्या पानावर वरच्या बाजूला तीन इंग्रजी नावं. त्याखाली मोडीतली नावं सुरू झाली, ती पानंच्या पानं. साहेब पानं उलटत गेला, शेवटाला पोचला आणि पुन्हा पहिल्या पानावर आला.

"आमची माणसे कोणत्या पानावर आहेत?"

"ही वरची तीन, साहेब."

"आणि बाकी?"

अण्णा म्हणाले, "बाकी आम्हीच."

साहेब खिडकीपाशी गेला. बाहेर व्हरांड्यात कारकून, पट्टेवाले, शिपाई, पक्षकार, नुसती गर्दी. तो त्या गर्दीकडे बघत ओठातल्या ओठात बहुधा कचेरीतले गोरे मोजत होता. एका हाताची बोटं पुरली त्याला!

"ही यादी बाहेरच्या कोणी पाहावयास मागितली आहे?"

"अजून तरी नाही, साहेब."

"देऊ नका."

त्या दिवसापासून ती यादी कुलपात. चळवळवाल्यांची जप्त केलेली पत्रकं उघड्या फडताळावर, आणि नोकरांची यादी कुलपात!

*

अक्कलकोटकडून एक बाई आली होती. साठी उलटलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलण्यात मधूनच कानडी. तिच्या आईचा बाप कंपनीच्या पलटणीत शिपाई होता. पलटण जहाजात बसून एडनला गेली, आणि तो परत आलाच नाही. मेल्याची बातमीही नाही. त्याच्या बायकोनं, म्हणजे हिच्या आजीनं, चाळीस वर्षं वाट पाहिली आणि ती कुंकू लावूनच गेली. घरात दरसाल अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या तिथीला, तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायचे.

"औंदा भटजी म्हनला, तुझा आज्जा जित्ता हुता कशावरनं? नवमी चालंना म्हनला. तेवढं बघा की सायेब, आज्जा आदी गेला का आज्जी."

चार दिवसांनी पत्र सापडलं. पलटणीकडून आलेलं, इंग्रजी. एडनला उतरल्यावर दुसऱ्याच महिन्यात तो तापानं मेला होता. नाव, गाव, बापाचं नाव, सगळं बरोबर. पत्र वेळेवर सोलापूरला पोचलं होतं. पाठीमागं इथल्याच कोणा कारकुनाचा मोडीत शेरा होता: बाईल गावी आहे. कळविण्याचे कारण नाही.

मी तो शेरा पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. अण्णांनी कागद माझ्या हातून घेतला आणि तिला सगळं सांगितलं. शेऱ्यासकट.

बाई खालीच बसली. व्यंकय्यानं पाणी दिलं. तिनं ते प्यायलं नाही, तांब्या हातात धरून राहिली.

"चाळीस वरीस," ती म्हणाली. "चाळीस वरीस रोज वाटंला बसायची वो ती."

अण्णांनी तीस वर्षांच्या नोकरीत जुन्या कागदाला कोणाची पेन्सिलसुद्धा टेकू दिली नव्हती. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि त्या शेऱ्याच्या खाली लिहिलं. तारीख घातली. सही केली.

"अण्णा! सरकारी कागद!" मी ओरडलोच.

"काय लिवलं?" बाईनं विचारलं.

"आज कळविलं, असं लिहिलं."

तिनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं, कपाळाला धक्का न लावता.

अण्णांनी विचारलं, "मग आता नवमीचं काय, बाई?"

"करनार की!" ती उठली. "आज्जीला कुटं ठावं हुतं!"