चोरून खाल्लेला पेरू

रशीदभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वरकुट्याच्या मळ्यात वांगी तोडत होतो. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत... हृदय थांबलं. महिना झाला, अजून खरं वाटत नाही. जाताना कुणाला त्रास दिला नाही गड्यानं. मागच्या खेपेला मात्र सगळ्यांना घाम फोडला होता!

निमगाव केतकीत त्यांचा विड्याच्या पानांचा व्यापार. आम्ही दोघेही इन्सुलिनवाले, त्यामुळे बाजारात भेटलो की आधी एकमेकांची साखर विचारायची, मग भांडायचं. काही वर्षांपूर्वी एका लग्नातलं जेवण त्यांना बाधलं. उलट्या लागल्या, अन्न सुटलं, तशी यांनी सुईही सोडली. "पोटात दाणा न्हाय, साखर वाढंल कशानं?" पुढं धाप लागली आणि तोंडाला पिकल्या पेरूसारखा वास यायला लागला. झालं! मुलूख पेरूच्या बागांचा. त्यांच्या बायकोनं, हसीनाभाभींनी, सरळ आळ घेतला, "चोरून पेरू खाल्ला, व्हय ना?" बिचारे धापा टाकत अल्लाची शपथ घेत होते आणि भाभी उशीखाली देठ शोधत होत्या.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वास लगेच ओळखला. इन्सुलिन मिळालं नाही की शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्त आंबट होतं. त्यात जीवही जातो, म्हणाल्या. अतिदक्षता विभागात सलाइन लावलं, पोटॅशियम तपासलं, मग थेंबाथेंबानं इन्सुलिन सुरू झालं. साखर उतरली आणि बाईंनी चक्क ग्लुकोजची बाटली लावली! मी कडाडलो, "बाई, साखरेच्या माणसाला साखर देताय?"

त्या हसल्या. "तात्या, साखर उतरली, पण रक्त अजून आंबट आहे. तोवर इन्सुलिन थांबवता येत नाही. म्हणून सोबत ग्लुकोज."

मी बाटलीतले थेंब मोजत बसलो. हा माणूस गेला तर बाजारात भांडायचं कुणाशी? दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी डोळे नीट उघडले आणि पहिलं काय बोलले असतील? "तात्या, हिला सांग... पेरू खाल्ला न्हवता." भाभी रडता रडता इतक्या हसल्या की नर्सला दटावावं लागलं.

त्यानंतर गिऱ्हाइकाला पानांआधी उपदेश मिळायचा: "जेवण सुटलं तरी सुई आपल्या मनानं सोडायची न्हाय. आदी डॉक्टरला इचारायचं!" लोक पळ काढायचे, पण ऐकायचे.

रशीदभाई गेले त्या संध्याकाळी दफन उरकून मी त्यांच्या घरी गेलो. घास उतरणार नव्हता, म्हणून लगेच निघालो. दाराआडून भाभींचा रडून बसलेला आवाज आला, "तात्या, जेवला न्हाय न्हवं? मग सुईचं काय?"

"बघू उद्या, भाभी."

"उद्या न्हाय. हितंच बसा, डॉक्टरला फोन लावा. आज एक गेला तेवढं बास."

मी उंबऱ्यावर बसलो आणि फोन लावला.