कांबळे सरांच्या रिमोटमागची डबी

रिमोटच्या विमानाचा नाद लई वाईट. विमान हवेत पाच मिनिटं, अन् त्याच्यावर बोलणं आठवडाभर. आमच्या वाटूर फाट्यावर विमानं दोनच उरलीत. किस्से मात्र ठेवायला जागा न्हाई.

आम्ही तिघं. मी, मोबाइल रिपेअरिंगवाले सादिकभाई, अन् रिटायर झालेले कांबळे सर. सरांचा पोरगा राहुल जर्मनीला गेला, विमान माळ्यावर ठेवून गेला. अडचण अशी, की विमानातला रिसीव्हर एका कंपनीचा, सरांचा रिमोट दुसरीचा. दोघांचं जमंना.

सादिकभाई म्हणले, "सर, मल्टी-प्रोटोकॉल मॉड्यूल बसवू. रिमोटच्या पाठीमागं ही डबी लावली की एकच रिमोट सगळ्या कंपन्यांशी बोलतो!"

आतून कांबळे काकू म्हणल्या, "मंग एक राहुलला बी बसवा."

*

डबी आली. सादिकभाईंच्या दुकानात एक आजोबा मोबाइलची काच बदलायला आल्ते.

"हे काय हो?"

"रेडिओ मॉड्यूल."

"बातम्या लागतात?"

मी म्हणलं, "लागतात. पण अँटेना वर धरून उभं राहावं लागतं."

राह्यले बिचारे. काच बसेपर्यंत राह्यले. मंग अँटेना परत देत म्हणले, "आज काही घडलंच नसंल!"

*

ह्या कामात एकच नियम: अँटेना लावल्याबिगर रिमोट चालू करायचा न्हाई, मॉड्यूल जळतं. सादिकभाईंनी हे आम्हाला इतकं बजावलं, की बजावता बजावताच त्यांचं बोट बटणावर गेलं.

वास आला.

"भाई, अँटेना?"

"वही तो बोल रहा था मैं!"

*

नवी डबी कोणती घ्यावी, म्हणून सरांनी राहुलला मेसेज टाकला. एरवी निळी टिक येते, उत्तर येत न्हाई. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा नुसता अंगठा आल्ता.

ह्या वेळी फोन आला! तासभर बोलला. फर्मवेअर, व्होल्टेज, चॅनेल. गुडघ्याचं नाव न्हाई.

सर फोन ठेवून म्हणले, "आवाज जाड झालाय त्याचा."

*

नव्या डबीत खेळण्यातल्या ड्रोनचा बी प्रोटोकॉल, म्हणजे त्याची बोली, होती. मी सरांच्या घरी सहज लावून पाह्यली. तेवढ्यात शेजारच्या वाढदिवसात कोणीतरी ड्रोन चालू केला, अन् तो आमच्याच रिमोटला बाइंड झाला! बाइंड म्हणजे सोयरीक. एकदा जुळली की तो आपलंच ऐकतो. मी रिमोटची दांडी वर केली. ड्रोन उठला, मेणबत्त्या विझवल्या अन् केकात बसला.

शेजारी विचारायला आले. सर मास्तरी आवाजात म्हणले, "आमचं तर विमान बी उडंना हो."

खरंच होतं ते. उडत नव्हतं म्हणून तर राहुल रोज फोन करू लागला. "बाबा, आज झालं का बाइंड?" काकू येऊन स्पीकरजवळ बसायच्या.

*

परवा सादिकभाईंना बराबर प्रोटोकॉल घावला. सोयाबीन निघालेल्या रानात गेल्तो. काकू बी आल्त्या. सरांनी विमान फेकलं अन् ते गेलं की वर! डोक्यावर गोल गोल फिरून राह्यलं. सादिकभाई तर नाचूनच राह्यले.

सरांचा फोन वाजला. राहुल.

सरांनी रिमोट माझ्या हातात दिला. काकूंनी मला खूण केली: लांब ने, फोनात आवाज जाईल. मी विमान लांब नेलं.

"न्हाई ना रे बाळा," सर फोनमध्ये म्हणले, "आज बी बाइंड होईना. आता काय करू, सांग बरं?"