ऑर्विलचा गळा

"एवढा एकच शीन, सायब. माज्या आवाजात ऱ्हाऊ द्या. मंगळवारी डाक्तर गळा कापनार हाय. मंग घोगरं बी न्हाई निगायचं."

ऑर्विल दिग्दर्शकाला विनवत होता आणि मी त्याच्या कपाळाला रंगाचं रक्त लावत होते. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. अमेरिकेतल्या मक्याच्या रानातून आलेला हा गडी अकरा वर्षं स्पेनमधल्या आमच्या आल्मेरियाच्या माळावर इटलीवाल्यांच्या सिनेमात मरत होता. कधी घोड्यावरून पडून, कधी फासावर. चाळीसेक मरणं तर मीच रंगवली.

पण पडद्यावर त्याचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. इथं शूटिंगला आवाज धरतच नाहीत. जो तो आपल्या भाषेत बोलतो, संवाद आठवला नाही तर आकडे म्हणतो. आवाज मागाहून रोमला भरतात. ऑर्विलसाठी तिथला फाउस्तो बोलायचा.

"लोक तुला फाउस्तोच्या गळ्यानं ओळखतात, म्हाताऱ्या," दिग्दर्शक हसला. "तू बोललास तर म्हणतील, हा कोण तोतया?"

"विंग्रजीत तरी? ल्येक बगती तिकडं. लिवती, बाबा, ह्यो तुमचा आवाज न्हवं, पर तुमचा कसा व्हता त्ये बी आठवंना."

"तेही रोमलाच होतं. आवाज धरायचं यंत्र इथं आहे कुठं? उन्हं उतरायच्या आत मर, चल."

कॅमेरा घरघरायला लागला. गोळी खाऊन ऑर्विल धुरळ्यात पडला. मरताना दोन शब्द बोलायचे होते. हा बोलतच सुटला. अकरा वर्षांत त्याची बोली मला कळायला लागली होती. लेकीला नावानं हाक मारली. ती तापात असताना रात्रभर उराशी धरून हिंडवली होती, ते सांगितलं. मग ठसका लागला आणि तोंडातून रक्त आलं.

"कट! एनकार्ना, रक्त झकास जमलंय गं! पण ह्यानं किती तोंड हलवलं? फाउस्तो एवढं काय बोलणार? परत घ्या."

रक्त माझं नव्हतं. मी बोलले नाही. बोलले असते तर त्याला तिथूनच घरी धाडला असता, नि ह्या धंद्यात घरी गेलेल्याला पुन्हा कुणी बोलवत नाही. ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं.

"बाई, आयकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"तुला आयकून काय उपेग," असं म्हणून त्यानं फडकं बाजूला सारलं, धुरळ्यात आपल्याच अंगाचा ठसा शोधला आणि त्यावर आडवा झाला. कॅमेरा सुरू झाला.

"येक," ऑर्विल म्हणाला. "दोन. तीन."