एक फोटो सासरचा, एक माहेरचा

बायको शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जन्मभर तासाच्या घंटेवर चाललेल्या गणिताच्या बाईला घड्याळ देण्यामागे काय विचार असावा, ते मला अजून कळलेलं नाही. घड्याळ लवकरच बंद पडलं. तिचं मात्र तेव्हाच काहीतरी सुरू झालं.

आम्ही हिंदी मुलखाच्या सीमेवरच्या पांढुर्ण्याचे, तिचं माहेर तिथून जवळचं सौंसर. शनिवारी ती आईला भेटायला बसनं जाते. जाता-येता मोबाइलवर फोटो काढायची. एका दुपारी तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. शेजारी शेजारी दोन फोटो होते. एकात आमच्या मंडीतला अडत्या संत्र्यांच्या ढिगाला टेकून पहुडलेला. दुसऱ्यात सौंसरला, तिच्या भावाच्या पडवीत, कापसाच्या ढिगावर मांजर, अगदी त्याच थाटात. डोळे दोघांचेही अर्धेच मिटलेले.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"जोडी."

"आणि अर्थ?"

"तुम्ही हसले ना? मग झालं."

तिनं नियम केला. एक फोटो सासरचा, एक माहेरचा. ठरवून जुळवायचा नाही. आधी काढायचा, जोडी मागून शोधायची. आणि खाली एक अक्षर लिहायचं नाही. छायाचित्रणावरची दोन-चार जाड पुस्तकं मी वाचलेली होती. त्यामुळे माझ्याकडे मतं भरपूर होती, फोटो एकही नव्हता.

जोड्या वाढत गेल्या. आमच्याकडच्या तिगाव स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या, डोक्यावर पदर घेतलेल्या पाठमोऱ्या बाया. शेजारी सौंसरकडच्या रामाकोन्यातल्या एका भिंतीवर ओळीनं पालथी घातलेली मडकी. सौंसरजवळच्या जामसांवलीच्या देवळाबाहेरचा चपलांचा ढीग. शेजारी आमच्या गल्लीतल्या लग्नात जेवणावर तुटून पडलेली गर्दी. चपलांमध्ये शिस्त जास्त होती.

मला सगळ्यांत आवडली ती हातांची जोडी. एकात माझी आई संत्रं सोलते आहे, सालपट न तुटता खाली लोंबतंय. दुसऱ्यात सासूबाई कापसाची वात वळताहेत. चेहरे नाहीत, नुसते हात. या दोघी विहिणी आमच्या लग्नापासून एकमेकींशी फार आदरानं वागतात, म्हणजे त्यांचं जमत नाही.

गावातल्या वाचनालयाचे सचिव माझे वर्गमित्र. त्यांनी हे फोटो हॉलमध्ये लावायचं ठरवलं आणि लगेच चिठ्ठ्याही छापून आणल्या. अडत्या आणि मांजराखाली 'विश्रांतीचे महत्त्व'. मडक्यांखाली 'पाणी वाचवा'. चपलांखाली 'श्रद्धा'.

"वहिनी, खाली संदेश लागते," ते म्हणाले. "नाही तर लोक म्हणतील, हे काय लावून राहिले."

"भाऊजी, चिठ्ठी लावली तर लोक चिठ्ठी वाचतील आणि पुढे जातील. फोटो कोण पाहील?"

बऱ्याच चहानंतर तडजोड झाली. उद्घाटनाला फ्रेमखालची जागा कोरी राहील. लोकांना काही कळलं नाही, तर त्याच संध्याकाळी चिठ्ठ्या लागतील.

"चिठ्ठ्या लागल्या तर मी फोटो उतरवून घरी आणीन," ती मला घरी म्हणाली. उद्घाटनाच्या सकाळी तिनं पोह्यांना हातही लावला नाही.

हॉलच्या दारावर बॅनर होता. त्यावरचा उद्घाटक पाहुण्यांचा फोटो आत लावलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा मोठा होता. तो बांधायला गेलेला माणूसच सरस्वतीची तसबीर आणणार होता, त्यामुळे तसबीर आलीच नाही. टेबलावर समई, कुंकू, दोन हार, आणि मागे मोकळी जागा. ती बरी दिसेना म्हणून सचिवांनी हातांच्या जोडीच्या दोन्ही फ्रेमा तिथे उभ्या केल्या.

पाहुणे उशिरा, पण वेगात आले. समई दिसली, फ्रेम दिसली की आपल्याकडे हात आपोआप हाराकडे जातो. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी दोन्ही फ्रेमांना हार घातले, कुंकू लावलं, डोळे मिटले आणि माइक घेतला.

"इन दोनों पूज्य माताओं को मेरी विनम्र श्रद्धांजलि."

टाळ्या वाजल्या. आमच्याकडे टाळ्या आधी वाजतात, कळतं मागून.

दोन्ही पूज्य माता पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"अवो बाई," आई म्हणाली, "मले मारलं ना यानं!"

"तुम्हाले एकटीले नाही, विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "मलेही."

"जित्या बसून राहिलो जी आम्ही इथं!" आईनं थेट स्टेजकडे पाहून सांगितलं.

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मी बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. आता हा दिवस हारांचाच होणार, फोटोंचा नाही, असं तिला वाटत असावं.

पाहुण्यांबद्दल एक चांगलं सांगायला हवं. ते खाली उतरले, दोघींच्या पाया पडले आणि ओशाळून म्हणाले, "माताजी, इनमें आपके हाथ कौन-से?"

"संत्रावाले," आई म्हणाली. "मी काम करून राहिली. ह्या विहीणबाई बसल्या बसल्या वाती वळून राहिल्या."

"संत्रं सोलणं काम आहे का जी?" सासूबाई म्हणाल्या. "आणि खाल्लं कोणी? तुम्हीच ना!"

"सालपट पाहा. कुठं तुटलं का?"

"वात पाहा माही. एक तरी गाठ दिसते का?"

आता पाहणं भागच होतं. लोक उठले, टेबलाभोवती गोळा झाले, हार बाजूला सारून वाकून पाहू लागले. बाजू घेतल्या गेल्या. मग आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "अंगठे पाहा दोघींचे. एकाच जागी वाकून राहिले."

दोघी विहिणी उठून टेबलापाशी आल्या. पाहिलं. आईनं आपला अंगठा फोटोशेजारी धरला, सासूबाईंनी आपला धरला.

"आहे तं खरंच," आई म्हणाली.

तिथून गर्दी भिंतींकडे सरकली. अडत्याही आला होता. "माह्यापेक्षा मांजराचीच तब्येत चांगली दिसून राहिली," असा त्याचा पहिला शेरा, आणि त्यावर त्याच्याच मित्रानं पोटाचं माप काढलं. मडक्यांतलं कुठलं कुणाच्या सासूसारखं, यावर बायांचा वाद पेटला. संदेश काय, हे एकानंही विचारलं नाही.

सचिव चिठ्ठ्या हातात धरून उभे होते. त्या त्यांनी खिशात टाकल्या. "राहू द्या वहिनी, कोऱ्याच बऱ्या."

बायकोनं मान डोलावली आणि समोशाची प्लेट उचलली. सकाळपासूनचा पहिला घास होता तो. मी हॉलभर फिरून ज्याला त्याला सांगत होतो की ही माझी बायको. ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही सांगितलं.

हातांच्या त्या दोन फ्रेमा आता आमच्या बैठकीत आहेत. एकीच्या काचेवर कुंकवाचा डाग राहिला आहे. नवा पाहुणा आला की बसण्याआधी त्यांना हात जोडतो. आई खोलीत असली तर जोरात खोकते. पाहुणा दचकून तिच्या हातांकडे पाहतो, मग फ्रेमकडे, मग पुन्हा हातांकडे. मी काही सांगत नाही. खाली चिठ्ठी लावायची नाही, असं ठरलं आहे.