न उमटलेली रेघ

डुकरांच्या तापाची चाचणी बघायला कुणी अकोल्याला जातं का, असं घरच्यांनी विचारलं. मी गेले. तिथल्या जठारपेठेतली माझी मैत्रीण वैशाली जनावरांची डॉक्टर. ती म्हणाली होती, "एक थेंब रक्त, पट्टीवर दोन रेघा आल्या की रोग आहे. चहा होईपर्यंत निकाल!"

पुण्याहून रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी तिच्या कारनं निघालो. अमरावतीपर्यंत रस्ता झकास. तिथे दह्यातला गिलावडा खाल्ला, वर झणझणीत चटणी. जाल तर रिकाम्या पोटी जा. तिथेच चाचणीच्या पट्ट्यांचा खोका घेऊन पशुसंवर्धन खात्याचे एक साहेब गाडीत बसले. खोक्यातून पाणी गळत होतं.

"डीप फ्रीझरात ठेवला होता, लसीसारखा," साहेब कौतुकानं म्हणाले.

खोक्यावर ठळक छापलेलं होतं: गोठवू नये. वैशालीनं त्यावर बोट ठेवलं.

"बर्फानं कधी काही नासते का मॅडम?"

दुसऱ्या पट्ट्या नव्हत्याच.

चांदूर रेल्वे ओलांडून धामणगाव रेल्वेला पोचलो. गावाबाहेर डुकरं पाळणाऱ्या गजूभाऊंचा वाडा. काही डुकरं मेली होती, कान जांभळे पडलेले. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकराला त्यावर औषध नाही. वेळेत कळला, तर निदान इतरांची जनावरं वाचतात.

वैशालीनं एका डुकराचं रक्त पट्टीवर टाकलं. वाट पाहिली. एकही रेघ नाही. पट्टी धड असेल तर एक रेघ उमटतेच, हे कोविडच्या काळात नाकात काडी घातलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे!

साहेब मात्र खूश. "रेघ नाही तं रोग नाही!"

"साहेब, मंग पोरीले मादी देऊ ना?" गजूभाऊंचा चेहरा फुलला. "नातू झाला, तवा कबूल केली हाय."

"भाऊ, पट्टी बिघडली आहे. एकही जनावर हलवू नका," वैशाली कळवळून सांगत होती.

"मॅडम उगाच भेव घालून राहिल्या. द्या बिनधास्त!" साहेब म्हणाले.

रक्ताची कुपी प्रयोगशाळेत न्यायला बर्फ लागतो. तो साहेबांनी आणलाच नव्हता. शेवटी रसवंतीवाल्याकडून मागून आणला.

पुण्यात आल्यावर काही दिवसांनी वैशालीचा फोन आला. प्रयोगशाळेत रोग निघाला होता. संध्याकाळी गजूभाऊंचा आला.

"ताई, पोरीले देल्लेली मादी मेली. तिच्या सासरची डुकरंबी मरून राहिली. जावई म्हणते, म्या जाणूनबुजून बिमार मादी देल्ली. पोरीले माह्या घरी धाडून देल्लं. त्या दिवशी साहेब काय म्हणले, ते तुमी आयकलं व्हतं ना? जावयाले सांगता का?"

मी जावयाला फोन केला, सगळं सांगितलं.

"मंग साहेबालेच बोलू द्या," तो म्हणाला.

साहेब माझा फोन उचलत नाहीत.