चाफ्याचा चुलतभाऊ

त्या मे महिन्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ओसाकाच्या विद्यापीठातलं माझं कंत्राट येत्या मार्चमध्ये संपणार होतं आणि ते वाढवून हवं असेल तर हातात निकाल हवा होता. निकाल एका झाडाकडे होता. प्रयोगशाळेमागच्या बागेतलं, मॅग्नोलियाच्या कुळातलं, वर्षातून एकदाच बहरणारं. फुलझाडांमधलं हे फार जुनं घराणं, फुलपाखरांच्या नव्हे तर भुंगेऱ्यांच्या भरवशावर वाढलेलं. किडे आलेच नाहीत तर त्याचं फूल स्वतःच्याच परागांवर बी धरतं का, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून नऊ कळ्यांना कागदी पिशव्या बांधल्या आणि दिवसातून चारदा जाऊन त्यांच्या गाठी चाचपत राहिले.

आई तेव्हा पुण्याहून आली होती. तिला मी ते झाड हौसेनं दाखवलं. हा आपल्या सोनचाफ्याचा चुलतभाऊ, दोघांचे खापरपणजोबा एकच, असंही सांगितलं. मूर्खच मी. सकाळी फिरायला गेलेली आई लोकांच्या कुंपणावरची फुलं देवासाठी बिनदिक्कत तोडून आणते, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

चौथ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले तर देवापुढे सहा पांढरी फुलं. पिशवीतली म्हणून एकाही किड्यानं उष्टावलेली नाहीत, असं ती कौतुकानं सांगत होती. वरच्या फांदीवरच्या तीन पिशव्यांपर्यंत तिचा हात पोचला नव्हता. मी तोंडाला येईल ते बोलले. माझं वर्ष बुडवलंस, म्हणाले.

"तूच म्हणालीस ना, आपल्या चाफ्याचा भाऊ म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, घरचंच झाड."

मी धावत बागेत गेले. सहाही रिकाम्या पिशव्या घडी घालून, वर दगड ठेवून नीट रचलेल्या होत्या. शेजारी आमचे प्राध्यापक, सेन्सेई, उभे होते. कावळ्यांनी फुलं नेली असावीत, असं मी बोलून गेले. इथले कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, तेव्हा ते खपेल असं वाटलं. सेन्सेई त्या घड्यांकडे बघत राहिले.

"फारच टापटीप कावळा आहे," ते म्हणाले.

मग मी खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यानं तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेल्या तीन फुलांचं काय होतं ते बघू, म्हणाले. कंत्राटाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ऑक्टोबरमध्ये तिन्ही वांझ निघाली. तीन फुलांवरून काहीच सिद्ध होत नाही. कंत्राट वाढणार नाही, हेही त्याच आठवड्यात कळलं. आई पुण्याहून रोज फोनवर विचारायची, धरलं का गं बी? तिला मी सांगितलं, धरलं. आता मार्चमध्ये सगळ्या सामानानिशी तिच्या दारात उभी राहीन, तेव्हा काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.